हात आखडलाच पाहिजे

मा. संपादक,


‘लग्न एकदाच होतं, आईबापांनी हात आखडू नये’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना लेकीच्या लग्नात आम्हीही हात आखडला नव्हता. फंडातून पैसे उचलले. हॉल, केटरर, मानपानाच्या एकतीस साड्या. कुणाला कुठली द्यायची त्याची वही अजून माझ्या कपाटात आहे. निम्म्या नावांशी आता बोलणंही होत नाही.

ह्यांची नोकरी खासगी कारखान्यातली. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 साली ठरली ती महिना 1,000 रुपये. आमची त्याहून थोडी बरी, तरी ह्यांच्या गोळ्यांनाही पुरत नाही.

लेक तेव्हा म्हणत होती, ‘आई, रजिस्टर करू या.’ 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, झालं. मीच रडून तिला गप्प केलं, याचं आजही वाईट वाटतं. आणि हे कुठे, तर जिथे 1873 मध्ये सत्यशोधक समाजाने साधी, कमी खर्चाची लग्नं लावायला सुरुवात केली, त्या पुण्यात!

येत्या मार्गशीर्षात धाकट्याचं लग्न आहे. खर्च तो आणि होणारी सून आपापल्या पगारातून करताहेत. आम्ही मंगळसूत्र घालतोय, बस्स. एफडीला हात लावायचा नाही, असं पोरानेच बजावलंय.

एक वाचक, पुणे