घरी बसून झालेले काम आणि त्याचा हिशेब

महामारीच्या दिवसांत लोकांनी घरी बसून काम केले आणि त्यामुळे काम कमी न होता उलट वाढले, हे मत आता इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने मांडण्यात येते की, त्याविरुद्ध चार शब्द लिहिणारा एक तर आळशी असला पाहिजे किंवा जुनाट तरी, अशी वाचकांची समजूत व्हावी. मी केंद्र सरकारच्या एका लहानशा कचेरीत कारकून आहे. आळसाचा आरोप आमच्या वर्गावर लोकांनी फार पूर्वीच शाबीत करून ठेवला आहे. तेव्हा तो डोक्यावर घेऊनच मी लिहिते. काम झाले, हे मला नाकारावयाचे नाही. ते कोणाच्या बळावर झाले, त्याचे माप कोणी घेतले आणि त्या मापातून कोण वगळले गेले, एवढेच विचारावयाचे आहे.

मूळ आदेशापासून आरंभ करू. १९ मार्च २०२० रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने पत्रक काढले. ब आणि क वर्गातील निम्म्या कर्मचाऱ्यांनी रोज कचेरीत यावे, उरलेल्यांनी घरून काम करावे, अशी योजना होती. जे येतील त्यांच्यासाठी तीन वेळा आखून दिल्या होत्या: नऊ ते साडेपाच, साडेनऊ ते सहा आणि दहा ते साडेसहा. जे घरी राहतील त्यांच्यासाठी मात्र वेळ नव्हती. त्यांनी दूरध्वनीवर आणि इतर साधनांवर सर्व वेळ उपलब्ध असावे, एवढेच म्हटले होते. हे शब्द घाईत लिहिले गेले असतील. संकटच तसे होते, आणि त्याबद्दल मी कोणास दोष देत नाही. परंतु पुढे ज्या कामवाढीचे गोडवे गायिले गेले तिचे बीज या दोन शब्दांत आहे. कचेरीत येणाऱ्याला घड्याळ होते; घरी असणाऱ्याला 'सर्व वेळ' होता. दिवसाचे साडेआठ तास मोजण्याऐवजी चोवीस तास हाताशी ठेवले तर काम वाढणारच. त्यात नवल ते कसले?

मे २०२० मध्ये त्याच विभागाने टाळेबंदीनंतरच्या घरकामाविषयी एक मसुदा फिरविला. सुमारे ७५ मंत्रालये व विभाग ई-ऑफिस वापरीत असून त्यांपैकी ५७ विभागांनी ८० टक्क्यांहून अधिक काम त्यावर केले, असे त्यात समाधानाने नमूद होते. दिल्लीच्या मंत्रालयांपुरते हे खरे असेल. पण दिल्लीपासून जसजसे दूर यावे तसतशी ही यंत्रणा पातळ होत जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आमच्यासारख्या ठिकाणी काय होते तेही सांगितले पाहिजे. आमच्या कचेरीत सुरक्षित जोडणी साहेबांपर्यंत पोहोचली; कारकुनापर्यंत पोहोचले ते व्हॉट्सॲप. नस्तीच्या पानांचे फोटो माझ्या स्वतःच्या फोनवर येत, माझ्याच पैशाने भरलेल्या डेटावर मी ते वाची, वहीत टिपण लिही आणि त्याचा फोटो काढून परत पाठवी. ही मेहनत कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात दिसते ते एकच: प्रकरणे निकाली.

'निकाली' या शब्दाचे रहस्य कारकुनाला जितके ठाऊक असते तितके मंत्र्यालाही नसते. अर्ज मंजूर झाला तर प्रकरण निकाली. अर्जदाराला पाहिजे ते मिळाले नाही, पण 'कागद अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत गेला, तरी तेही निकालीच. समोर खिडकीत माणूस उभा असला की शेरा मारताना हात थोडा अडखळतो; तो म्हणतो, 'बाईसाहेब, हा कागद घरी आहे, उद्या आणतो.' आपणही अर्ज एक दिवस बाजूला ठेवतो. खिडकीच बंद झाली की ती अडचण उरत नाही. माणूस दिसत नाही, शेरे भराभर पडतात आणि आकडा चढतो. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्या आकड्याने आपल्या उत्पादकतेची स्तुती झाली, त्या आकड्यातून किती अर्ज खरोखर पार पडले आणि किती केवळ परतविले, हे वेगळे काढल्यावाचून त्या स्तुतीला काडीचीही किंमत नाही.

आता विद्वानांचा दाखला. या मताचे पुरस्कर्ते शांघायच्या एका प्रवास कंपनीतील प्रयोगाकडे नेहमी बोट दाखवितात. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. नऊ महिने घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, हे त्यातील वाक्य सर्वांस पाठ आहे. त्यापुढील वाक्ये मात्र कोणी सांगत नाही. या तेरांपैकी नऊ टक्के वाढ अधिक मिनिटे काम केल्यामुळे होती; सुट्या कमी, विश्रांती कमी. शिवाय प्रयोगात येण्यासाठी इच्छा असावी लागे, घरी स्वतंत्र खोली असावी लागे आणि नोकरीत सहा महिने झालेले असावे लागत. म्हणजे जागा असलेले, राजीखुशीने आलेले लोक निवडून हा प्रयोग झाला. जे टाळेबंदीत एकाएकी घरी कोंडले गेले, त्यांच्यावर तो निष्कर्ष लादणे म्हणजे राजवाड्यातील आंब्याच्या चवीवरून रस्त्याकडेच्या झाडाची पारख करण्यासारखे आहे.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून उपदेशही पुष्कळ झाला. सकाळी नेहमीप्रमाणे कपडे करावेत, स्वतंत्र खोलीत टेबल मांडावे, दार लावून घ्यावे, मुलांना समजावून सांगावे. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई एका खोलीत निजल्या आहेत, दुसरीत मुलाची शाळा फोनवर भरली आहे आणि तोच फोन आईची कचेरीही आहे, अशा स्थितीत दार कोणते लावावे, हे त्या उपदेशकांनी लिहिले नाही. एकांतात मोठी कामे होतात हे पटविण्यासाठी कोणी न्यूटनचे नाव घेई, तर आपल्यापैकी पुष्कळांनी लोकमान्यांचे घेतले. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, आपल्याला घरात बसून एक अहवाल लिहिता येऊ नये काय, असा तो प्रश्न असे. रायपूरच्या मराठी माणसाला त्या ग्रंथाविषयी दुहेरी अभिमान आहे. त्याचा हिंदी अनुवाद ज्या माधवराव सप्र्यांनी केला त्यांनीच १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले होते. पण त्याच मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकासाठी सरकारने एक कैदी दिलेला होता, हेही आठवावे. लोकमान्यांचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. मात्र इतके सिद्ध होते की, जो एकचित्त होऊन लिहितो त्याची चूल कोणीतरी पेटविलेली असते. महामारीत ती कोणी पेटविली? ज्या घरांत पुरुष कामात बुडाले होते तेथे बायकांनी. आणि जेथे बाईच नोकरी करणारी होती तेथे तिनेच, पहाटे किंवा रात्री, 'सर्व वेळ' उपलब्ध राहून.

घरी बसून काम ही नवलाईची गोष्ट आहे, असे समजण्याचेही कारण नाही. नायल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७३ साली दूरकामाला नाव दिले म्हणून त्या वर्षी ते जन्मले असे नव्हे. सोलापूर, सिन्नर, गोंदिया, भंडारा येथील बायका पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळीत आल्या आहेत. त्यांच्या सुपातील पान पुष्कळदा आमच्या छत्तीसगढच्या जंगलातील तेंदूचे असते. त्यांना मोबदला हजारी मिळे, तासाचा नव्हे. वेळ त्यांची, जागा त्यांची, दिवा त्यांचा, मदतीला मुलेही त्यांचीच. आणि विडी वाकडी ठरली तर तोटाही त्यांचाच. या पद्धतीला उत्पादक म्हणावयाचे तर ती अत्यंत उत्पादक होती, पण कोणाच्या दृष्टीने? १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला तेव्हा कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणारीलाही कामगार म्हणावे लागले, ते याचसाठी. घरात झालेले काम हे काम असून त्यामागे मालक असतो आणि मालकाची जबाबदारी असते, हे तत्त्व विडीवालीसाठी मान्य झाले. पन्नासांवर वर्षे उलटल्यावर सुशिक्षित कारकुनाने 'घरून काम मिळाले' म्हणून आभार मानीत बसावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

सर्वांत मोठी वगळ याहून वेगळीच आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की सिलतरा लागते. येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि वीजघरे आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे आडवी फिरणारी लांबच लांब नळी; तीत खनिज आणि कोळसा हजार अंशांच्या आसपास तापत असतो. ती मनाला आले म्हणून विझविता येत नाही आणि मनाला आले म्हणून पेटविताही येत नाही. २४ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशात अखंड चालणाऱ्या कारखान्यांना राज्याच्या परवानगीने सूट होती, ती याच कारणाने. भट्टीवरचा माणूस घरून काम करू शकत नाही. ज्यांची भट्टी चालू राहिली ते रोगाच्या भीतीसह तिच्यापुढे उभे राहिले. ज्यांची थांबली ते ठेकेदाराच्या हिशेबातून गळाले आणि गावाकडे चालू लागले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातील होते, मध्यप्रदेशातील आपल्या गावी निघाले होते. ज्या आठवड्यात ते मेले त्याच महिन्यात दिल्लीत घरकामाच्या यशाचा मसुदा तयार झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र 'देशाची उत्पादकता' मोजताना एकच मोजली गेली.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. 'तुम्हाला घरी बसून पगार तर मिळाला! मजुरांचा कळवळा आणून स्वतःच्या डेटाचे पैसे मागता?' पगार मिळाला, हे खरेच. १ जानेवारी २०२० पासूनचे महागाईभत्त्याचे तीन हप्ते गोठले आणि दर १७ टक्क्यांवर जून २०२१ पर्यंत थांबला, हेही खरे. पण त्याची तक्रार मी करीत नाही, कारण ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्यापुढे ती शोभणार नाही. तरीही आक्षेपकास मी विचारीन: माझे घड्याळ काढून घेतल्याने मजुराला काय मिळाले? माझा फुकटचा तास त्याच्या पदरात पडला असता तर मी तोंड उघडले नसते. तो पडला सरकारी तक्त्यात. कामगारांच्या दोन थरांना एकमेकांची लाज दाखवून दोघांकडूनही अधिक काढून घेणे, ही मालकवर्गाची फार जुनी रीत आहे. तिला आपणच भुलावे, हे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक न्याय्य आहे. गरोदर स्त्रिया, अपंग कर्मचारी, ज्यांचे आईवडील अंथरुणाला खिळले आहेत असे लोक, यांना घरकाम हे वरदान ठरले. मी ते मान्य करते, आणि म्हणूनच घरकाम बंद करा असे म्हणत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्रीय कचेऱ्यांत पूर्ण उपस्थिती पुन्हा सुरू झाली तेव्हा ही सोय एका दिवसात संपली; जी कृपेने मिळते ती मर्जीने जाते. हक्काचे तसे नसते.

तेव्हा मागणे चार गोष्टींचे आहे. घरून काम करणाऱ्यालाही आरंभाची आणि शेवटाची वेळ असावी, आणि त्या वेळेबाहेर फोन न उचलणे हा गुन्हा नसावा. यंत्र, जोडणी आणि वीज यांचा खर्च कचेरीने द्यावा. २०२० च्या मसुद्यातही संगणक आणि इंटरनेटच्या खर्चाचा विचार होता, तो वरच्या खुर्च्यांपाशी थांबू नये. निकालाचा आकडा देताना मंजूर आणि परत केलेली प्रकरणे वेगळी दाखवावीत. आणि चौथे, जे माझ्या दृष्टीने पहिले आहे: पुढची साथ आली तर ज्यांचे काम घरी नेता येत नाही त्यांची मजुरी, ते ठेक्यावर असले तरी, टाळेबंदीच्या पहिल्या दिवसापासून चालू राहील अशी तरतूद आधी करावी, आणि मगच आम्हा लेखणीवाल्यांना घरी पाठवावे. हा क्रम उलटा झाला, तर कितीही नस्त्या निकाली निघाल्या तरी त्याला देशाचे काम म्हणता यावयाचे नाही.