मांजराची मैफल

अभिजात संगीत मैफलीतच भेटावे, व्यंगपटात ते बाटते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा सातपुड्यातले तोरणमाळ गाठावे. यशवंत तलावाकाठच्या मुलाने मैफलीसाठी कोणते शहर गाठायचे? १९४७ च्या ‘द कॅट कॉन्सर्टो’त टॉम मांजराने लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवली, त्या ऑस्करविजेत्या हास्याने लिस्टचे काय बिघडले? १९५२ मध्ये आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ख्याल तिकिटाविना घरोघरी पोहोचला. मात्र त्याच काळात मंत्री केसकरांनी चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. गोडी लादता येत नाही, हा त्यातला धडा. म्हणून, सुजाण वाचकहो, कार्टून पाहून हसणाऱ्या मुलाला दटावू नका. ‘ही धून कोणाची?’ असे त्याने विचारलेच, तर उत्तर तयार ठेवा.