एक चाक गरगरते, दुसरे ढिम्म

फळछाटणी होऊन तीन आठवडे झालेत, कोवळ्या फुटीतून घड डोकावू लागलेत आणि रात्री परतीचा पाऊस कोसळतो. सकाळी आभाळ तसेच दाटलेले. तासगाव तालुक्यातल्या द्राक्षवाल्या घरात अशा दिवशी चहासुद्धा गोड लागत नाही. केवडा कुणासाठी थांबत नाही, फवारा आजच गेला पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेल्या पावसाने सांगली जिल्ह्यातल्या बागांचे काय केले, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही ब्लोअर जोडून ट्रॅक्टर बागेत घालता आणि तिसऱ्या ओळीत मागचे डावे चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते. उजवे चाक चांगल्या टणक जमिनीवर आहे, तरी ते हलत नाही. इंजिनात ताकद भरपूर आहे, पण ती जमिनीला लागत नाही. असे का होते?

आधी बैलगाडी आठवा. तिची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त चालते, आतले कमी, आणि कुणाचे काही अडत नाही. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत तीन फूट अंतर धरले, तर ओळीच्या टोकाला अर्धा वळसा घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ साडेनऊ फूट जास्त चालते. पण ट्रॅक्टरची चाके इंजिन फिरवते. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळणावर एक चाक फरफटत जाईल, टायर झिजेल, नाहीतर दांडा पिळवटून तुटेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल घालतात.

पाटा खोलून पाहिलात तर एक मोठे क्राऊन दिसते. त्याला एक पेटी जोडलेली असते आणि पेटीत आडव्या खिळीवर लहान दातेरी चक्रे असतात, मिस्त्री त्यांना स्टार म्हणतात. स्टारच्या दोन बाजूंना दोन साईड गिअर, आणि प्रत्येकाला एका चाकाचा एक्सल. हा स्टार म्हणजे जूच समजा. जुवाचा मध्य गाडीला बांधलेला आणि दोन टोकांना दोन बैल. दोघांची ओढ सारखी असेल तर जू सरळ चालते. एक बैल थोडा पुढे गेला तर जू तिरपे होऊन सांभाळून घेते, हे झाले वळण. पण एका बैलाने अंगच सोडले तर? जू फिरते आणि दुसरा बैल कितीही दांडगा असला तरी त्याचा जोर गाडीला लागत नाही. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. चिखलातल्या चाकाला फिरायला जितका थोडा जोर पुरतो, तितकाच टणक जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. तेवढ्याने ब्लोअरसकट ट्रॅक्टर कसा हलणार?

यावर तुमच्या बहुतेक ट्रॅक्टरांत उपाय आधीच आहे, टाचेजवळची डिफरन्शियल लॉकची पट्टी. ती दाबली की जू जणू दोराने बांधले जाते आणि दोन्ही चाके एकत्रच फिरतात. पण कित्येक घरांत ही पट्टी वर्षानुवर्षे दाबलेली नसते, गंजून बसते. छाटणीच्या आधीच एकदा दाबून पाहा.

दाबायची रीतही आहे. चाक गरगरत असताना दाबू नका, आतले दात तुटतील. क्लच दाबा, चाक थांबू द्या, मग पट्टी दाबून खालच्या गिअरमध्ये सावकाश सरळ पुढे काढा. बाहेर आलात की पाय काढा. पट्टी दाबलेली असताना वळवायला गेलात तर ट्रॅक्टर तुमचे ऐकणार नाही, नाकासमोर जाऊन मांडवाच्या खांबाला भिडेल. डांबरी रस्त्यावर तर लॉकचे नावच नको. लॉक नादुरुस्त असेल तर गरगरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक हलकेच दाबतात. त्या चाकाला अडसर झाला की दुसऱ्याला जोर मिळतो. मात्र रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकची पायपट्टी एकत्र जोडायला विसरू नका.

आता पिकअपचे. बेदाण्याची पोती घेऊन तासगावच्या सौद्याला जाणारी गाडी येताना रिकामी असते, मागचा भाग हलका, आणि शेतरस्त्याच्या चढावर तीच गत होते. रस्त्याच्या गाडीला पक्के लॉक चालत नाही, म्हणून लिमिटेड स्लिप नावाचा प्रकार निघाला. १९३० च्या दशकात जर्मनीत शर्यतीच्या गाड्यांसाठी तो वापरात आला. यात साईड गिअर आणि पेटी यांच्यामध्ये क्लचसारख्या चकत्या असतात. वळणावरचा थोडा फरक त्या घसरू देतात, पण एक चाक फारच पळू लागले तर घर्षणाने त्याला आवरतात आणि राहिलेला जोर दुसऱ्याला देतात.

तो बसवताना पेटीच बदलावी लागते. दोन्ही एक्सल ओढायचे, क्राऊन नव्या पेटीवर चढवायचे आणि क्राऊन-पिनियनच्या दातांतली सैल डायल गेजने नेमकी लावायची. ही मोजणी चुकली तर पाटा आधी ओरडतो आणि मग दात खातो. तेलही चकत्यांसाठी सांगितलेलेच घालायचे. ज्याच्याकडे गेज नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका. कुणी स्टारला वेल्डिंग करून स्वस्तात काम करून देतो म्हणाला तर हात जोडून परत या. ओल्या डांबरावर वळताना गाडीचा मागचा भाग फेकला जाईल, आणि मागे पोत्यांवर मजूर बसलेले असतील.

त्याआधी नुसते टायर बदलून पाहा. गुळगुळीत टायरला कसलेच डिफरन्शियल तारत नाही. रिकाम्या गाडीत मागे वाळूची चार पोती टाकूनही बराच फरक पडतो.

आणि लिमिटेड स्लिप बसवलेलीच असेल तर घरातल्या पोरांना एक गोष्ट बजावून ठेवा. एकच मागचे चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या गाडीत उचललेले चाक नुसते फिरते. या गाडीत जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी घेते.