मदत आली, पण कागद होता त्याच्याच घरी

कोरोनाच्या काळात अमेरिकेने शेतकऱ्यांना किती पैसा वाटला, हे ऐकले की आपल्याकडचा माणूस तोंडात बोट घालतो. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या कृषी खात्याने १६ अब्ज डॉलरची थेट मदत जाहीर केली. सप्टेंबरमध्ये १४ अब्जांपर्यंतची दुसरी फेरी आली. वाटपही दूर राजधानीतून नाही. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा तालुका समजा. ग्रामीण काउंट्यांसाठी शेती खात्याची स्थानिक ऑफिसे आहेत आणि शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समितीही असते. मग तक्रार कशाची?

आधी हिशेबाची पद्धत पाहू. १६ एप्रिल ते १४ मे या काळात शेतकऱ्याकडे जास्तीत जास्त जितकी गुरे होती, त्यावर दर जनावरामागे ३३ डॉलर. म्हणजे दहा गुरे असणाऱ्याला ३३० आणि हजार असणाऱ्याला ३३ हजार. या काळाआधी विकलेल्या जनावरांचे पैसे वेगळे. एका माणसाला कमाल अडीच लाख डॉलर, काही कंपन्यांना साडेसात लाखांपर्यंत. आम्ही शाळेत मुलांना शिकवतो तेच हे त्रैराशिक, उत्तर बरोबर येते. पण घरात चूल पेटते की नाही, हा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

कोंबडीवाल्यांचे बघा. तिथे बहुतेक कोंबड्या कंपनीच्या करारावर पाळतात. शेड शेतकऱ्याचे, कर्ज शेतकऱ्याचे, पक्षी मात्र कंपनीचे. पक्षी तुमचे नाहीत, म्हणून मदतही नाही! डिसेंबर २०२० मध्ये संसदेने त्यांच्यासाठी वेगळी तरतूद केली. तिचे नियम यायला ऑगस्ट २०२१ उजाडला.

सगळ्यात कडू अनुभव दक्षिणेकडच्या काउंट्यांमधल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा. अनेक घरांत आजोबा मृत्युपत्र न करता गेले, जमीन सगळ्या वारसांत सामाईक राहिली. कसणारा एक, नावे वीस. अशा जमिनीची सरकारी ऑफिसात नोंद करणे जिकिरीचे. २०१८ च्या कायद्याने इतर पुरावे चालतील असे म्हटले, पण जुना अविश्वास कायद्याने जात नाही. कर्जवाटपातल्या भेदभावाच्या दाव्यात सरकारला १९९९ मध्ये समझोता करावा लागला होता. त्यात शेते लहान, म्हणून मोजणीतही वाटा लहान. मार्च २०२१ मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी सांगितले की सुमारे २६ अब्जांपैकी कृष्णवर्णीयांना फक्त २ कोटी ८ लाख डॉलर मिळाले. शंभरात दहा पैसेही नाहीत! शेतकऱ्यांत त्यांचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आहे.

चूक दुरुस्त करायला २०२१ मध्ये अल्पसंख्य शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा कायदा झाला. गोऱ्या शेतकऱ्यांनी कोर्टात आव्हान दिले, स्थगिती मिळाली, ऑगस्ट २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. पुढे भेदभाव सोसलेल्यांसाठी वेगळा निधी आला, त्याचे पैसे हातात पडायला २०२४ उजाडले. पहिल्या वाटपात सुटलेला माणूस मागाहून आत घेणे किती अवघड असते, ते इथे दिसते.

आपल्याला हे परके वाटायला नको. एप्रिल २०२० मध्ये आपल्याकडे पीएम-किसानचा २ हजारांचा हप्ता लवकर दिला गेला. तोही जमीन ज्याच्या नावावर, त्यालाच. वाट्याने किंवा बटईने कसणारा त्यात बसत नाही, घाम त्याचा असला तरी.

सरकारकडे आमचे मागणे हेच की कसणाऱ्याची नोंद आपत्ती येण्याआधी करा. आणि घरातल्यांना सांगणे असे की अब्बांच्या नावावरचा सातबारा तसाच पडून असेल तर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या, आणि त्यात बहिणींची नावेही घाला. पुढची मदत कधी येईल ते माहीत नाही. आली की ती यादी बघूनच येणार.