ताप, टाकळा आणि हौसा बायकांची चूल

गेल्या पावसाळ्यात माझ्या खालाचा मुलगा मुंबईहून गावी आला आणि दुसऱ्याच दिवशी थंडी वाजून अंथरुणाला खिळला. मुंबईत तो एका इमारतीच्या बांधकामावर कामाला होता. घरात मायेची कमतरता नव्हती. खालाने कलौंजी मधात कालवून चाटवली, शेजारणीने पपईच्या पाल्याचा रस आणला, कुणी गुळवेलीचा काढा उकळला. रक्त तपासायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पाचव्या दिवशी पोरगा असंबद्ध बोलू लागला, तेव्हा धावपळ करून शहरातल्या दवाखान्यात नेला. फाल्सिपेरम मलेरिया निघाला. अल्लाहच्या कृपेने जगला, पण पुढचे दोन महिने जिना चढतानाही त्याला दम लागत होता.

मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण जुंपलं. शिकलेली पोरं म्हणाली, हे सगळं जुनं थोतांड आहे, फेकून द्या. वडीलधारे म्हणाले, कलौंजीवर शंका म्हणजे ईमानात खोट. मी दोन्ही बाजू वाचत होतो आणि मला आठवत होता तो नायजेरियाच्या उत्तरेतला कानोचा मुलूख. हौसा भाषा बोलणाऱ्या मुसलमानांचा हा प्रदेश. १९७०च्या दशकात तिथे मलेरियाचा माग दोन वेगवेगळ्या वाटांनी काढला गेला.

पहिली वाट डासांची. १९६९ ते १९७६ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि नायजेरिया सरकार यांनी गारकी जिल्ह्यात मोठा प्रयोग केला. घरांच्या भिंतींवर आतून प्रोपोक्सर हे कीटकनाशक फवारलं. काही गावांत तर सगळ्या लोकांना दर दोन किंवा दहा आठवड्यांनी औषधाच्या गोळ्या दिल्या. रात्र रात्र माणसं उघड्या पायांनी बसवून चावायला येणारे डास पकडले, मोजले. डास घटले, रुग्णही घटले. पण मलेरियाचा फैलाव थांबला नाही. बरेच डास घरात चावून बाहेर जाऊन बसत होते, त्यामुळे भिंतीवरच्या औषधाशी त्यांची गाठच पडत नव्हती. प्रयोग संपला आणि मलेरिया परत आला.

दुसरी वाट चुलीची. त्याच दशकात नीना एटकिन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी पॉल रॉस कानो भागातल्या एका हौसा खेड्यात जाऊन राहिले. त्यांनी तापावर कुठला पाला देता एवढंच विचारलं नाही. रोज काय शिजतं, कुठल्या महिन्यात कुठली भाजी येते, हेही टिपलं. हौसा समाजात विवाहित बायका बऱ्याचदा पडद्यात असतात. परक्या पुरुषाला त्या अंगणात प्रवेश नसतो. बाजरी-ज्वारीच्या पिठाचा घट्ट ‘तुवो’ आणि पाल्याचं ‘मिया’ म्हणजे कालवण, हे त्यांचं रोजचं जेवण. आपल्या भाकरी-कालवणासारखंच.

एटकिन यांना दिसलं की औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी बऱ्याचशा ताटातही असतात. औषध आणि अन्न यांच्यात आपण जी भिंत घालतो ती त्या गावात नव्हती. मलेरियाचा परजीवी रक्ताच्या तांबड्या पेशीत राहतो. त्या पेशीत ऑक्सिडेशनचा ताण वाढला की त्याला जगणं अवघड होतं. काही पाल्यांमध्ये हा ताण वाढवण्याचा गुण असतो. मलेरिया जोरात असतो त्याच हंगामात अशा वनस्पती हौसा माणसाच्या पोटात जास्त जातात, असं एटकिन यांनी मांडलं.

इथेच आपले वडीलधारे टाळी वाजवतील. जरा थांबा. अमुक पाला खा आणि मलेरिया बरा करा, असं हे संशोधन म्हणत नाही. रोजच्या खाण्याने परजीवीला थोडा अडथळा होत असेल, तो वर्षानुवर्षांच्या सवयीतून. आजारी पडल्यावर घाईने पाजलेल्या वाटीभर रसातून नव्हे. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना हाच ऑक्सिडेशनचा ताण घातकही ठरू शकतो. आणि हौसा भाषेतल्या ‘झझ्झाबी’ या शब्दात सगळेच ताप येतात, आपल्या ‘बुखार’ शब्दात येतात तसे. बुखार कसला आहे हे चूल सांगू शकत नाही. ते सांगतो काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब.

हे वाचताना मला माझी नानी आठवत राहते. दापोलीकडच्या आमच्या गावात पहिला पाऊस पडला की ती बांधावरून टाकळ्याचा कोवळा पाला खुडून आणायची. कधी चणाडाळ, कधी मूठभर जवळा घालून भाजी करायची. तिकडे हौसा बायका ‘तफासा’ खातात, तो आपल्या टाकळ्याच्याच कुळातला, दिसायलाही तसाच. त्यांचा ‘झोगाले’ म्हणजे आपला शेवगा, मूळचा भारतातलाच. तापावर ज्या झाडाचा पाला ते उकळतात, त्याला ते ‘दोगोन यारो’ म्हणतात, म्हणजे उंच पोरगा. तो आपला कडुनिंब. पश्चिम आफ्रिकेत तो पसरला गेल्या शतकात. म्हणजे जिला आपण प्राचीन परंपरा म्हणू, तिच्यातलं एक पान शंभर-एक वर्षांचंच. परक्या देशाचं झाड दारात आलं, लोकांनी चाखलं, वापरून बघितलं आणि आपलंसं केलं. नवं आजमावत राहिली म्हणूनच ती परंपरा जिवंत राहिली.

आपला वारसाही असाच होता. इब्न अल-बैतार हा अंदलुसचा वनस्पतीतज्ज्ञ उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने झाडपाला बघत पूर्वेकडे गेला आणि १२४८ साली दमास्कसला वारला. त्याच्या ग्रंथात सुमारे १४०० औषधी द्रव्यं आहेत. कुठली माहिती कुणाकडून घेतली हे तो नावानिशी लिहितो, जुन्यांच्या चुकाही दाखवतो. त्याचं नाव जलशाच्या भाषणात घ्यायचं आणि घरी फॉरवर्ड न तपासता पुढे ढकलायचा, ही त्याची आठवण नव्हे. प्रत्येक आजारावर इलाज आहे, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मला ती शोधण्याची जबाबदारी वाटते. आपण तिला न शोधण्याची सवलत करून टाकलंय.

जुन्या ज्ञानाचं काय करायचं, हे चीनच्या तू योयो यांनी दाखवलं. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात तापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. पिळायला का, उकळायला का नाही, हा प्रश्न त्यांना पडला. उष्णतेने गुण जात असावा, असं ताडून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. माझ्या खालाचा मुलगा वाचला तो याच घराण्यातल्या औषधाने. ग्रुपवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे लक्षात घ्यावं. त्याला वाचवलं ते जुन्या पाल्यानेच, पण तपासून घेतलेल्या पाल्याने.

या सगळ्या शोधांत साध्या माणसांचं देणंही आहे. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. त्या डासांनी ज्याचं रक्त प्यायलं तो रुग्ण होता हुसेन खान. डासामागे एक आणा त्याला मिळाला. रॉस यांना १९०२चं नोबेल मिळालं. हुसेन खानाचं पुढे काय झालं, हे आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. गारकीत रात्रभर उघड्या पायांनी बसलेल्यांची आणि एटकिन यांना भांडी उघडून दाखवणाऱ्या बायकांची नावं तर आपल्या कानावरही आली नाहीत.

नानी गेली तेव्हा तिच्या रानभाज्यांतल्या निम्म्यांची नावं तिच्यासोबत गेली. कुठली किती वेळा उकळून पाणी फेकायची, कुठली गरोदर बाईला द्यायची नाही, हे कुणी लिहून घेतलं नव्हतं. आता मी वही घेऊन गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसतो. पाल्याचा फोटो काढतो, नाव, महिना आणि कृती लिहितो, सांगणारीचं नावही लिहितो. तिला विचारून. बरं करतो की नाही, या रकान्यात मी काही लिहीत नाही. तो रकाना प्रयोगशाळेसाठी रिकामा आहे.

मोहल्ल्यातही आम्ही एक गोष्ट ठरवलीय. मशिदीच्या हौदात गप्पी मासे सोडलेत आणि जुम्याच्या नमाजनंतर एवढंच सांगितलं जातं: पाण्याच्या टाकीला झाकण घाला, आणि ताप आला तर पहिल्याच दिवशी रक्त तपासा. कलौंजी त्यानंतर खुशाल खा.