न्यायाविना कोठडी, शिक्षेविना अपराधी

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत सुमारे तीन हजार निरपराधांची हत्या झाली. त्या कटाचा मुख्य सूत्रधार म्हणून अमेरिकेने ज्याच्यावर आरोप ठेवला, तो खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडी येथे पकडला गेला. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये सत्तांतरे झाली, अफगाणिस्तानातून फौजा परतल्या. खटला मात्र निकालापर्यंत पोहोचलाच नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस सरकारी पक्षाने त्याच्याशी व त्याच्या दोन साथीदारांशी समझोता केला. त्यांनी गुन्हा कबूल करावा, बदल्यात फाशी टळावी, असा तो सौदा! दोनच दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला आणि जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो रद्दबातल ठरविला. अटकेनंतर बावीस वर्षांनी प्रकरण जिथल्या तिथे! जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राला हाती सापडलेल्या शत्रूला शिक्षा का करता येऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर ग्वांटानामोत दडलेले आहे. क्यूबाच्या किनाऱ्यावरील हा नाविक तळ अमेरिकेने १९०३ च्या भाडेकरारान्वये मिळविला. अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचे आणि संपूर्ण ताबा अमेरिकेचा, अशी ही त्रिशंकू भूमी. जानेवारी २००२ मध्ये तेथे पहिले वीस कैदी उतरविण्यात आले. पुढे एकूण सुमारे ७८० जणांना तेथे ठेवले गेले. ही जागा योगायोगाने निवडलेली नव्हती. अमेरिकेच्या न्यायालयांचा हात तेथवर पोहोचणार नाही, असा सरकारी कायदेपंडितांचा होरा होता.

बुश प्रशासनाची बाजू सर्वस्वी पोकळ होती, असे मात्र म्हणता येणार नाही. युद्धात पकडलेल्या सैनिकावर कोणी खटला भरत नाही. त्याने पुन्हा शस्त्र उचलू नये म्हणून युद्ध संपेपर्यंत त्याला अडकवून ठेवणे, हा सर्वमान्य नियम आहे. १९४२ मध्ये पाणबुड्यांतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांना अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लष्करी आयोगापुढे उभे केले. सर्वोच्च न्यायालयाने त्यास संमती दिली आणि दोन महिन्यांच्या आत त्यांतील सहा जणांना देहदंड झाला. पण त्या महायुद्धाला शेवट होता. दहशतवादाविरुद्धच्या युद्धाला ना तह, ना तारीख. शिवाय ज्याच्या अंगावर गणवेशच नाही, तो खरोखर शत्रू आहे की बक्षिसाच्या लोभाने कोणी पकडून दिलेला वाटसरू, हे ठरवायचे कोणी? पकडणाऱ्यानेच?

२८ जून २००४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला यासर हमदीच्या प्रकरणात नेमके हेच ठरवावे लागले. हमदी लुइझियानात जन्मला, म्हणून अमेरिकेचा नागरिक. पकडला गेला अफगाणिस्तानात. संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्राच्या बळावर सरकार त्याला बेमुदत डांबून ठेवू पाहत होते. रणांगणावर पकडलेल्याला कैदेत ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्या. सँड्रा डे ओ'कॉनर यांनी मान्य केला. मात्र आपल्याला कोणत्या आधारावर शत्रू ठरविले, हे जाणण्याचा आणि तटस्थ निवाडा करणाऱ्यापुढे ते खोडून काढण्याचा हक्क नागरिकाला आहे, असेही त्यांनी बजावले. युद्ध म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिलेला कोरा धनादेश नव्हे, हा त्यांच्या निकालाचा गाभा. न्या. अँटोनिन स्कॅलिया हे तर कट्टर पुराणमतवादी. त्यांना हा मधला मार्गही पुरेसा वाटला नाही. नागरिकावर राजद्रोहाचा खटला भरा, अथवा काँग्रेसने हेबियस कॉर्पसचा अधिकारच राज्यघटनेनुसार स्थगित करावा. दोन्ही जमत नसेल तर त्याला मोकळे करा, असे त्यांचे मत पडले. आणि शेवटी घडले काय? ज्याला वकिलाची भेट होऊ देणेही सरकारला धोक्याचे वाटत होते, त्या हमदीला चार महिन्यांत विमानात बसवून सौदी अरेबियाला पाठवून देण्यात आले!

पुढे २००६ मध्ये लष्करी आयोग बेकायदा ठरले, आणि २००८ मध्ये ग्वांटानामोतील परदेशी कैद्यांनाही न्यायालयाची दारे उघडी झाली. त्या अखेरच्या प्रकरणातील लखदर बूमेदियन व त्याचे पाच सहकारी बॉस्नियात धरले गेले होते. बुश यांनीच नेमलेल्या न्यायाधीशाने कागद उघडून पाहिले, तेव्हा सहापैकी पाच जणांविरुद्धचा पुरावा टिकला नाही. तोवर त्यांची जवळजवळ सात वर्षे कोठडीत गेली होती.

निरपराध असा भरडला गेला आणि अपराधी सुरक्षित राहिला. खालिद शेखला एकाच महिन्यात १८३ वेळा पाण्याखाली गुदमरविण्यात आले, ही नोंद सीआयएच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात आहे. अशा छळानंतर मिळालेला जबाब कोणत्या न्यायासनापुढे टिकणार? वर्षानुवर्षे वकील त्याच एका मुद्द्यावर झुंजत राहिले. याच्या उलट त्याचा सख्खा भाचा रमझी युसुफ. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच जुळ्या मनोऱ्यांखाली स्फोट घडविणारा हा इसम १९९५ मध्ये इस्लामाबादेत पकडला गेला, न्यूयॉर्कच्या साध्या न्यायालयात वकिलासह उभा राहिला आणि जानेवारी १९९८ मध्ये जन्मठेप भोगायला तुरुंगात गेला. भाच्याला तीन वर्षे लागली. मामाला बावीस वर्षेही पुरली नाहीत.

दहशतवाद्याच्या हक्कांसाठी मेणबत्त्या पेटविणाऱ्यांना बळींच्या घरचा अंधार दिसत नाही, हा सामान्य माणसाचा संताप अनाठायी नाही. अजमल कसाबला वकील देण्यावरून मुंबईत काय गदारोळ उठला, हे सर्वांना स्मरत असेल. (त्याच्या बिर्याणीची कथा घरोघरी चघळली गेली, ती आपणच रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगून टाकले.) हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलून ज्याला जिवंत पकडून दिले, त्याच्यावर भारताविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप सिद्ध झाला तो खुल्या खटल्यात. पुराव्याअभावी दोन सहआरोपी सुटलेही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये फाशी कायम केली आणि २१ नोव्हेंबर रोजी, हल्ल्याला चार वर्षे पुरी होण्यास पाच दिवस असताना, कसाब येरवड्यात फासावर गेला. त्या निकालावर बोट ठेवायला पाकिस्तानलाही जागा उरली नाही.

याच येरवड्याच्या भिंतींआड आणीबाणीत सरसंघचालक बाळासाहेब देवरस स्थानबद्ध होते. ज्या मिसाखाली हजारो स्वयंसेवकांना डांबले गेले, तो कायदा जुलै १९७१ मध्ये, पूर्व बंगालच्या संघर्षाच्या सावटाखाली, देशाच्या सुरक्षिततेसाठी म्हणून संमत झाला होता. चार वर्षांत तो कोणावर चालला, हे मिसाबंदींच्या घरांना नव्याने सांगायला नको. आणीबाणीत तर स्थानबद्धतेची कारणे दाखविण्याचे बंधनही त्यातून काढून टाकण्यात आले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी अशा बंद्यांना दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला, एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यासाठी सरन्यायाधीशपदाला मुकले. राज्यघटनेचे २२ वे कलम शत्रुदेशाच्या नागरिकाबाबत आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेबाबत सरकारला आजही पुष्कळ मोकळीक देते आणि दहशतवादाने ग्रासलेल्या देशाला ती हवीच. परंतु जीविताचा आणि स्वातंत्र्याचा २१ व्या कलमातील हक्क आणीबाणीतही स्थगित होऊ नये, ही तरतूद ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये झाली, आणि ती करणाऱ्या सरकारात मिसाखाली तुरुंग भोगून आलेले मंत्री होते. १९७६ चा तो निर्णय मोडीत निघायला २०१७ साल उजाडले. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्या चौघांपैकी एक, न्या. यशवंत चंद्रचूड, यांचेच पुत्र.