लाजेचा कैवार आणि करुणेचा पक्ष

‘जनाची नाही तर मनाची तरी’ या म्हणीने लाजेला सदाचाराची शेवटची राखणदार मानले आहे, आणि करुणाकेंद्रित मानसोपचारावरचा मुख्य आक्षेप याच समजुतीतून निघतो. पूर्वपक्ष असा की, आत्मनिंदा हा मनाचा चाबूक आहे. तो काढून घेऊन रुग्णाला स्वतःविषयी करुणा बाळगायला शिकवले, तर त्याची धडपड थंडावेल, चुका बोचेनाशा होतील आणि उपचाराच्या नावाखाली केवळ मनाचे लाड होतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यामागे जबाबदारीची खरी चाड आहे. परंतु तो दोन वेगळ्या भावनांची गल्लत करतो आणि तिसरीचा अर्थच चुकवतो.

गल्लत होते ती लाज आणि अपराधभाव यांची. अमेरिकी मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971 मध्ये या दोहोंतला भेद स्पष्ट केला: अपराधभावाचा रोख हातून घडलेल्या कृत्यावर असतो, तर लाजेचा रोख कृत्य करणाऱ्या सबंध माणसावर. कृत्याची भरपाई करता येते, क्षमा मागता येते; पण आपण मुळातच नालायक आहोत असे ज्याला वाटते, त्याला धरणीने पोटात घ्यावे यापलीकडे काही सुचत नाही, आणि तोंड लपवणारा माणूस दुरुस्तीला पुढे येत नाही. जून टँगनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगातील कैद्यांचा अभ्यास करून 2014 मध्ये मांडलेले निष्कर्ष या संदर्भात बोलके आहेत. अपराधभावाकडे कल असलेले कैदी सुटकेनंतर पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. लाज मात्र दुतोंडी ठरली, आणि जिथे ती दुसऱ्यावर खापर फोडण्याकडे गेली, तिथे गुन्ह्याची पुनरावृत्ती वाढली. म्हणजे पूर्वपक्षाला ज्या राखणदाराचा भरवसा वाटतो, तो पुष्कळदा अपराधभाव असतो, आणि करुणाकेंद्रित उपचार त्याला हात लावत नाही.

आता करुणेचा अर्थ. ही उपचारपद्धती घडवणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांना काही रुग्णांत एक विचित्र गोष्ट आढळली: अविवेकी विचाराला विवेकी उत्तर कसे द्यावे हे त्यांना नेमके कळलेले असे, पण ते उत्तर ते स्वतःला खेकसल्याच्या सुरात देत. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही अडचण चटकन उमगेल. युक्तिवाद बिनचूक असूनही दिलासा मिळत नाही, कारण शब्द बदलले तरी सूर तोच राहतो. गिल्बर्ट यांच्या मांडणीत भावनांच्या तीन यंत्रणा आहेत: एक धोका हेरणारी, दुसरी काही मिळवण्यासाठी झटायला लावणारी आणि तिसरी आपुलकीच्या सहवासात मनाला शांतवणारी. आत्मनिंदेत पहिली सतत पेटलेली राहते, आणि मारणारा व मार खाणारा एकच असल्यामुळे पळून जायला जागा उरत नाही. करुणा म्हणजे दुःखाची जाणीव ठेवणे आणि ते हलके करण्याचा निश्चय करणे. कीव वरून खाली पाहते आणि लाड दुःखाकडे पाहूच देत नाहीत. करुणेला मात्र नजर चुकवता येत नाही, म्हणून तिला धैर्य लागते.

चाबूक नसला तर प्रयत्न खुंटतात, या विधानाला प्रयोगाचेही उत्तर आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, कठीण शब्दपरीक्षेत अपयश आलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सुचवले गेले, त्यांनी पुढील परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला.

हे उपचार सुखावह असतात, हा समज तर प्रत्यक्षात टिकतच नाही. समलयीत सावकाश श्वसन, करुणामय व्यक्तीची कल्पना, स्वतःलाच लिहिलेले पत्र, एका खुर्चीवर बसून निंदकाचे आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून निंदिताचे म्हणणे बोलणे, अशी तंत्रे कागदावर सोपी दिसतात. पण बालपणी ज्याला मायेचा आणि माराचा हात एकच मिळाला, त्याला मायेची चाहूल लागताच धडकी भरते. करुणेची ही भीती इतकी नित्याची आहे की गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ती मोजण्यासाठी स्वतंत्र मापनश्रेणी तयार केल्या. ज्याला लाड म्हणून हिणवले जाते, त्यापासून रुग्णच आधी पळू पाहतो, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावे. ‘स्वतःवर प्रेम करा’ अशी वाक्ये छापून विकणाऱ्यांनीही ते ध्यानात घ्यावे. पूर्वपक्षाच्या हाती आयते कोलीत दिले ते त्यांनीच.

राहता राहिला पुराव्याचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. गिल्बर्ट आणि प्रॉक्टर यांच्या 2006 मधील प्राथमिक अभ्यासात दोन-दोन तासांच्या बारा सत्रांनंतर लाज, आत्मनिंदा आणि खिन्नता घटलेली दिसली, पण त्यात शेवटपर्यंत टिकलेले रुग्ण अवघे सहा होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 2015 मधील एका समीक्षेने 14 अभ्यास तपासून ही पद्धती, विशेषतः तीव्र आत्मनिंदा करणाऱ्यांसाठी, आशादायक ठरवली आणि मोठ्या चाचण्यांची गरजही नोंदवली. ती मागणी रास्त आहे. मात्र पुराव्याची हीच कसोटी चाबकालाही लावली पाहिजे, आणि ती लावून दाखवण्याची जबाबदारी लाजेच्या कैवाऱ्यांची आहे.